आधी वेळ ठरवा, मग पुस्तकं

पुस्तकांची देवघेव घटली की वाचनालयाच्या समितीत दोनच विषय निघतात. एक म्हणजे नवी पुस्तकं घ्यायला हवीत, आणि दुसरा म्हणजे मोबाईलने वाचन संपवलं. दारावरच्या वेळेच्या पाटीबद्दल कोणी काही बोलत नाही. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 7 ही वेळ निवृत्त माणसाला सोयीची आहे. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार मात्र सकाळी सहाला घर सोडतो, दुपारी चारच्या पुढे परततो, जेवून जरा आडवा होतो आणि बाहेर पडतो तेव्हा सात वाजत आलेले असतात. त्याच्यासाठी ते वाचनालय वर्षभर बंदच असतं, मग आत कितीही चांगली पुस्तकं असोत.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. आपण ते तालिकेपुरतं, म्हणजे पुस्तकांच्या सूचीपुरतं, आणि फळीवरच्या मांडणीपुरतं वाचतो. माझ्या मते ते दारावरच्या पाटीलाही लागू आहे आणि सेवा आखायची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. नाशिकसारख्या शहरात तर फारच. इथलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं, म्हणजे वाचनालय ही गोष्ट या गावाला नवी नाही. पण शहर आता जुन्या नाशकापुरतं राहिलेलं नाही. सिडको, सातपूर, पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, नाशिकरोड या प्रत्येक ठिकाणच्या माणसाचा दिवस वेगळा आहे. एकच वेळापत्रक आणि एकच पुस्तकयादी सगळीकडे चालणार नाही.

आधी स्वतःची नोंदवही

सर्वेक्षणाचे फॉर्म छापायच्या आधी देवघेवीची नोंद काढून बसा. वर्षातले चार आठवडे निवडा: जूनचा दुसरा, ऑक्टोबरमधला दिवाळीची गडबड नसलेला एखादा, जानेवारीचा एक आणि एप्रिलचा शेवटचा. या चार आठवड्यांतली प्रत्येक देवघेव चार रकान्यांत मांडा: वाचकाचं वय, राहण्याची जागा, पुस्तकाचा प्रकार, आणि पुस्तक सकाळी नेलं की संध्याकाळी. दीड हजार नोंदी असतील तर दोन माणसांचं दोन-तीन दुपारचं काम आहे. संगणकावर ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखी ग्रंथालयाची प्रणाली असेल तर अर्ध्या तासात तक्ता निघतो, फक्त पत्ते नीट भरलेले असायला हवेत. बहुतेक ठिकाणी ते ‘नाशिक’ एवढेच भरलेले असतात. तसं असेल तर वर्गणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाकडून कॉलनीचं नाव आणि जवळची खूण लिहून घ्यायला आजपासून सुरुवात करा.

सभासदांचा आकडा सांगताना वर्गणी भरलेले सगळे मोजू नका. गेल्या 90 दिवसांत किमान एक पुस्तक नेलेला तो जिवंत सभासद. हा आकडा पहिल्यांदा काढला की समिती नाराज होते, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कार्ड बहुतेक वेळा घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर असतं आणि पुस्तक वाचते बायको, सून किंवा सासू. म्हणून आवडीचा अंदाज नावावरून बांधू नका, नेलेल्या पुस्तकावरून बांधा.

मग प्रभागाचा मोठा नकाशा छापून भिंतीला लावा आणि जिवंत सभासदांचे पत्ते टिकल्यांनी दाखवा. पंधरा वर्षांखालच्यांना एक रंग, साठीच्या पुढच्यांना दुसरा, बाकीच्यांना तिसरा. मोठं माणूस पंधरा मिनिटांत साधारण एक ते सव्वा किलोमीटर चालतं. दहा वर्षांच्या मुलाला घरचे अर्ध्या किलोमीटरच्या पुढे एकटं सोडत नाहीत. ही दोन वर्तुळं आखली की दिसतं की टिकल्या वर्तुळभर पसरलेल्या नसतात. महामार्ग, रेल्वे, गोदावरी, नासर्डी अशा रेषांशी त्या थांबतात. सिडको आणि इंदिरानगर नकाशावर शेजारी आहेत, पण मध्ये मुंबई-आग्रा महामार्ग आहे. संध्याकाळी सहाला इंदिरानगरच्या बोगद्याशी उभं राहून पाहा. त्या गर्दीतून गोष्टीच्या पुस्तकासाठी मुलाला पलीकडे कोण पाठवेल? ‘आमच्या 3 किलोमीटरच्या परिसरात एवढी लोकसंख्या आहे’ असं प्रस्तावात लिहिलेलं असतं, ते अशा जागी निरुपयोगी ठरतं.

लोकसंख्येसाठी 2011 च्या जनगणनेवर फार विसंबू नका. तेव्हा महापालिका हद्दीत 14,86,053 लोक होते. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगावकडच्या कित्येक सोसायट्या त्यानंतर उभ्या राहिल्या. शाळांचा इयत्तावार पट, अंगणवाडीची नोंदवही आणि मतदान केंद्रांच्या याद्यांतली संख्या हे तीन आकडे ताजे असतात आणि भेटून विचारलं तर सहसा मिळतात.

न येणाऱ्यांना विचारायचं कसं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. काउंटरवर फॉर्म ठेवला की तो सभासदच भरतात, आणि सभासदाला जे आहे ते बरंच वाटत असतं, म्हणून तर तो येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म फिरवला की तिशीच्या आतले भरतात. कॉलेजची मुलं स्वयंसेवक म्हणून घेतली की ती आपल्याच वयाच्या मुलांशी बोलून येतात. तिन्ही मार्गांनी उत्तर एकच येतं, ‘स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवीत, वाय-फाय हवं’, आणि परिसराची गरज तीच आहे असं समिती धरून चालते.

त्याऐवजी 60 ते 80 माणसांशी समोरासमोर बोला, प्रत्येकाशी सात-आठ मिनिटं. दोघांच्या जोडीने जा, त्यात एक बाई असायलाच हवी. जागा आधी ठरवा: शाळा सुटताना फाटकाशी, पिठाच्या गिरणीवर, रेशन दुकानाच्या रांगेत, बचत गटाच्या बैठकीत, कंपनीच्या गेटबाहेर पाळी बदलताना, जॉगिंग ट्रॅकच्या बाकांवर, सकाळच्या मजूर नाक्यावर. प्रत्येक जागी आठ-दहा माणसं झाली की पुढची जागा. घरातल्या बायकांशी बोलायचं तर सकाळी 11 ते 1 ची वेळ धरा. संध्याकाळी दार वाजवलंत तर स्वयंपाक सोडून त्या तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांनी का बोलावं?

‘इथे वाचनालय निघालं तर याल का?’ हा प्रश्न विचारूच नका. सगळे हो म्हणतात. ‘कोणत्या प्रकारची पुस्तकं आवडतात?’ हाही नको. न वाचणाऱ्या माणसाला त्याने अवघडल्यासारखं होतं आणि तो कुठल्या तरी मोठ्या लेखकाचं नाव सांगून मोकळा होतो. झालेल्या गोष्टी विचारा. काल संध्याकाळी 6 ते 9 काय केलंत? मुलगी अभ्यासाला कुठे बसते? गेल्या महिन्यात कोणता सरकारी कागद काढला, कोणाकडे गेलात, किती पैसे गेले? गेल्या आठवड्यात मोबाईलवर काय वाचलं? आजारपणात माहिती कोणाला विचारली? शेवटी एक प्रश्न: या रस्त्यावरून जाता-येता ते वाचनालय कधी पाहिलंय का, आत काय असतं असं वाटतं? ‘ते म्हाताऱ्या माणसांचं आहे’, ‘तिथे ओळख लागते’, ‘डिपॉझिट किती असेल कोण जाणे’ अशी उत्तरं कानावर पडली तर ती जशीच्या तशी लिहून घ्या. सभासद अर्ज एका पानाचा आणि वर्गणी-अनामतीचा फलक रस्त्यावरून वाचता येईल एवढा मोठा करायला खर्च नगण्य आहे. अशा उत्तरांवरचा तोच पहिला इलाज.

उत्तरं हाती आली की यादी लांबते, आणि सगळं करायचा मोह होतो. वर्षाला तीनच गोष्टी धरा. प्रत्येक गरजेला तीन प्रश्न लावा: किती माणसांची आहे, एक किलोमीटरच्या आत दुसरं कोणी ते करतंय का, आणि आहे त्याच माणसांत आपण ते तीन वर्षं चालवू शकू का. अर्ज भरून देण्याची मागणी हमखास येते, पण ‘आपले सरकार’ केंद्र दोन चौक सोडून असेल तर आपण ते काम घेऊ नये. कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात, किती शुल्क आहे, किती दिवस लागतात याचे मोठ्या अक्षरातले तक्ते लावावेत आणि दर तिमाहीला तपासावेत. जुना तक्ता लावलेला असण्यापेक्षा नसलेला बरा. चुकीच्या कागदासाठी माणसाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

तास तेवढेच, जागा वेगळी

आता वेळेचं गणित. ग्रंथपाल आणि निर्गम सहायक (काउंटरवर देवघेव बघणारा) अशा दोन माणसांवर आठवड्याला 36 तास वाचनालय उघडं ठेवता येतं असं धरू. तास वाढवायचे नाहीत, हलवायचे आहेत. औद्योगिक वसाहतीजवळच्या वाचनालयासाठी मी असं सुचवेन: मंगळवार ते शुक्रवार सकाळी 9 ते 11.30 आणि संध्याकाळी 5.30 ते 9, म्हणजे दिवसाला 6 तास, चार दिवसांचे 24. शनिवार-रविवार सकाळी 9 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 7, म्हणजे 12. सोमवार बंद. बेरीज 36 च राहते. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, तर शाळा-ऑफिसांची रविवारी. म्हणून या भागात दोन्ही दिवस उघडं असणं फार मोलाचं आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोडला हेच वेळापत्रक लावायची गरज नाही. तिथे सकाळी फिरून परतणारी ज्येष्ठ मंडळी साडेसातलाच दाराशी येतील. आणि वाचनालयाचा सरकारी वर्ग (दर्जा) कोणताही असो, ग्रंथालय संचालनालयाच्या नियमातले किमान तास पूर्ण होतात ना, हे ठराव करण्याआधी बघून घ्या.

सकाळच्या 9 ते 11.30 मध्ये दुसऱ्या पाळीचा कामगार मोकळा असतो, मुलं शाळेत गेलेली बाई बाहेर पडू शकते. रात्रपाळीवाला सकाळी सातला सुटून दुपारी दोनपर्यंत झोपतो, तो साडेपाचला येऊ शकतो. पाळ्या दर आठवड्याला फिरत असतील तर त्याच माणसाची मोकळी वेळ दर आठवड्याला बदलते आणि एखादा आठवडा हुकतोच. मग सात दिवसांची परतीची मुदत त्याला दर वेळी दंडात ढकलते. दंड साचला की माणूस पुस्तक परत करत नाही आणि येणंही थांबवतो. मुदत 21 दिवसांची करा, मुदतवाढ फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्या. दंडापेक्षा पुस्तक परत येणं महत्त्वाचं.

वाचनालय बंद असताना पुस्तक परत टाकायची सोय स्वस्तात होते. भिंतीला पत्र्याची पेटी, रस्त्याच्या बाजूने फट 30 सेंटीमीटर रुंद आणि 5 सेंटीमीटर उंच. पुस्तक जातं, मोठ्या माणसाचा हात कोपरापर्यंत जात नाही. आत उतरता पत्रा लावा म्हणजे पुस्तक घसरत जाईल, तळाला फोमची जाड गादी. फटीवर झडप आणि तिच्याही वर बाहेर आलेलं छोटं छप्पर हवंच, नाहीतर जुलैमधल्या पहिल्याच झडीत तळातली पुस्तकं भिजून फुगतात. पेटी रोज सकाळी उघडायची आणि परतीची नोंद आदल्या तारखेने करायची. ही नोंद राहिली की वाचकाला फुकटचा दंड लागतो आणि पेटीवरचा विश्वास जातो.

उशिरापर्यंत उघडं ठेवण्यात एक खरी अडचण असते, आणि ती बैठकीत सहसा बोलली जात नाही. कर्मचारी बाई असेल तर नऊला बंद करून ती घरी कशी जाणार? सिटीलिंकची शेवटची बस कोणती, रिक्षा मिळते का, दाराबाहेर दिवा आहे का, हे आधी बघा. दोघांनी संध्याकाळ आलटून-पालटून घ्यावी आणि साडेआठनंतर समितीतलं कोणीतरी तिथे थांबावं. हे ठरलेलं नसेल तर नवं वेळापत्रक महिन्याभरात गुपचूप जुन्यावर येतं.

अभ्यासिका: हवीच, पण कुंपण घालून

मागणी इतकी आहे की टाळता येणार नाही. एका घरात सहा माणसं आणि दोन खोल्या असतील तर मुलामुलींना बसायला जागा देणं हीच मोठी सेवा आहे. पण जागेचा हिशेब आधी करा. टेबलाचा 90 बाय 60 सेंटीमीटरचा तुकडा, खुर्ची आणि मधली वाट धरून माणशी सुमारे 25 चौरस फूट लागतात. तीस जागांना 750 चौरस फूट. त्याहून दाटी केली की खुर्च्या सरकवण्यावरून भांडणं होतात. दोघांत एक प्लग, टेबलावर सावली न पडणारा दिवा, पिण्याचं पाणी, आणि मुलींसाठी आतून कडी लागणारं स्वच्छ शौचालय. शेवटची गोष्ट नसेल तर मुली दोन तासांपेक्षा जास्त बसू शकत नाहीत आणि मग ‘मुली येतच नाहीत’ असं म्हणायला समिती मोकळी.

अभ्यासिका वाचनालयाला कशी गिळते तेही पाहा. सकाळी सातला बॅग ठेवून जागा धरली जाते, माणूस दहाला येतो. शांततेच्या नावाखाली बालविभागातला आवाज बंद होतो. वर्तमानपत्रवाल्या आजोबांची खुर्ची जाते. म्हणून दार वेगळं ठेवा, ते जमत नसेल तर निदान खोली वेगळी. जागेला क्रमांकाचं टोकन द्या. 45 मिनिटं रिकामी राहिलेली जागा पुढच्याला जाते, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. शुल्क वाचनालयाच्या वर्गणीपासून वेगळं ठेवा आणि हिशेबही वेगळा.

परीक्षेची पुस्तकं बेताने घ्या. राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि बहुपर्यायी प्रश्नसंचांची फळीच्या फळी शिळी झाली. राज्य मंडळाची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं, ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’चे अंक, नकाशे, चांगले शब्दकोश हे टिकतं. मार्गदर्शकं घ्यायची तर 30 वेगवेगळी घेण्यापेक्षा मुलांनीच सांगितलेल्या चार-पाचांच्या तीन-तीन प्रती घ्या आणि त्या घरी देऊ नका.

मुलांचा विभाग थोडक्यात: फळी जास्तीत जास्त 120 सेंटीमीटर उंच, पुस्तकांची मुखपृष्ठं समोर, खाली सतरंजी. फाटणं हा इथला नेहमीचा खर्च आहे. दहा चित्रपुस्तकांतलं एखादं वर्षात जाणार असं धरूनच खरेदी करा, मुलांवर ओरडू नका. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी 25 मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा, मग तीन मुलं आली तरी. दिवस बदलत राहिला तर मुलं येत नाहीत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्यात आहेत, त्या छापून शाळांत देता येतात.

पेटी कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात

पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेण्याची कल्पना नाशिकला समजावून सांगायला नको. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने ती दूरवर पोचवली. छोट्या वाचनालयाला स्वतःच्या परिसरात हे करायचं असेल तर पेटी 40 पुस्तकांची ठेवा. सरासरी 300 ग्रॅमने ती 12 किलो होते, पेटीचं वजन धरूनही एक माणूस ती उचलून स्कूटरच्या पायाशी ठेवू शकतो. शंभर पुस्तकांना दोन माणसं आणि रिक्षा लागते, आणि मग पेटी बदलणं लांबत जातं. चाळिसात साधारण पंधरा कथा-कादंबऱ्या, आठ मुलांची, सहा आत्मचरित्रं, पाच आरोग्य आणि पाककृतींची, चार शेती-कायद्याची, दोन कवितांची. तीन पेट्या तीन ठिकाणी ठेवा आणि दर दोन महिन्यांनी गोल फिरवा. पेटी जमिनीपासून वीत-दीड वीत वर, भिंतीला न टेकवता. पेटी सांभाळणारी माणसं दोन हवीत. एकाने बदली घेतली किंवा किल्ली घेऊन गावाला गेला की पेटी बंद पडते, आणि बहुतेक पेट्या अशाच बंद पडतात.

जिल्ह्यात पेटी पाठवताना शेतीचं वेळापत्रक बघा. द्राक्षाची गोडी (फळासाठीची) छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते, तिथपासून काढणी संपेपर्यंत दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. काढणीनंतरची खरड छाटणीही आटोपली की त्याच्याकडे जा, मे-जूनमध्ये. पेठ-सुरगाण्याचं गणित उलटं आहे. तिथली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे येतात, मुलांसकट. जानेवारीत पेठच्या पाड्यावर पेटी ठेवली तर तिथे म्हातारी माणसं तेवढी असतात. त्या दोन-तीन महिन्यांत मुलांची पेटी बागांजवळच्या शाळेत किंवा अंगणवाडीत यायला हवी आणि पावसाळ्यात पाड्यावर परत जायला हवी. घरात कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतली दाट मजकुराची पुस्तकं देऊन उपयोग नाही. मोठी चित्रं, कमी ओळी, आणि त्याच्या बोलीत गोष्ट सांगणारी गावातलीच ताई असेल तर पेटीचं सोनं होतं.

भाषेचा प्रश्न शहरातही आहे. जुन्या नाशकात उर्दू माध्यमाची मुलं आहेत, अंबडच्या खोल्यांत हिंदी बोलणारे कामगार आहेत. उर्दू पुस्तकांची निवड उर्दू शाळेतल्या शिक्षकांकडून करून घ्या. दाखल नोंदवहीत (प्रत्येक नवं पुस्तक क्रमांकासह नोंदवतात ती वही) नाव देवनागरीतही लिहा आणि पुस्तकाच्या पाठीवर दाखल क्रमांक ठळक चिकटवा, म्हणजे लिपी न येणारा कर्मचारीही अडत नाही. सुरुवातीला पन्नास पुस्तकं पुरेत, पण ती काचेच्या कपाटात कुलूपबंद नकोत.

पैसा आणि फळ्या

परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारं सरकारी अनुदान, दोन हप्त्यांत येतं आणि दुसरा हप्ता आला की 31 मार्चच्या आत पुस्तकं घ्यायची धावपळ होते. घाऊक विक्रेता जास्त सवलतीची यादी पुढे करतो आणि त्या यादीत त्याच्याकडे पडून राहिलेलं असतं तेच असतं. यावर उपाय म्हणजे काउंटरवर मागणी वही ठेवणं. वाचकाने मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं प्रत्येक पुस्तक, तारीख आणि वाचकाचा फोन त्यात लिहा. मार्चची यादी मे महिन्यापासून तयार होत जाते. पुस्तकांच्या रकमेतला तिसरा हिस्सा या वहीसाठी राखा आणि पुस्तक आलं की त्या वाचकाला त्याच दिवशी फोन करा. केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून मिळणारी पुस्तकं जमेला धरा, पण ती वहीतली मागणी भागवतील असं समजू नका.

आणि जुनं काढा. वाचनालयाचा सरकारी वर्ग ग्रंथसंख्येशी बांधलेला असल्याने कोणी पुस्तक बाद करायला धजत नाही, हे मला समजतं. पण दाटीवाटीने कोंबलेल्या फळीवरून वाचकाला चांगलं पुस्तक दिसतच नाही. पाच वर्षांत एकदाही न गेलेली, जीर्ण, कालबाह्य कायद्याची आणि संगणकाची पुस्तकं वेगळी काढा. नाशिकच्या इतिहासाची, स्थानिक लेखकांची, जुन्या नियतकालिकांची काढायची नाहीत, ती दुसरीकडे मिळणार नाहीत. याद्या करा, समितीचा ठराव घ्या, पुस्तकावर ‘बाद’चा शिक्का मारा, दाखल नोंदवहीत लाल शाईने नोंद करा. किमान संख्येच्या जवळ असाल तर जेवढी नवी दाखल झाली तेवढीच काढा, म्हणजे तपासणीत अडचण येत नाही.

वर्षाअखेरी मोजायचं ते मोजकं: जिवंत सभासद, त्यांची माणशी देवघेव, नकाशावर रिकाम्या राहिलेल्या भागातून आलेले नवे सभासद, वाचून दाखवण्याला येणारी मुलं, आणि मागणी वहीतली किती पुस्तकं तीन आठवड्यांत वाचकाच्या हाती गेली. अभ्यासिकेची हजेरी यात मिसळू नका. ती मिसळली की आकडा फुगतो आणि पुस्तकं नेणारे घटताहेत हे दिसेनासं होतं.

नवी वेळ जाहीर करताना निदान तीन आठवडे आधी पाटी लावा, आणि ती वाचनालयाच्या दारापेक्षा गिरणीत, दूध केंद्रावर, शाळेच्या फळ्यावर, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लावा. मग 12 आठवडे हात लावू नका. पहिले चार आठवडे संध्याकाळ रिकामी जाते, सकाळचे जुने सभासद तक्रार करतात आणि समितीवर दबाव येतो. त्या सभासदांना फोनवर पुस्तक राखून ठेवायची सोय द्या, त्यांची निम्मी तक्रार तिथेच मिटते. दर तासाला येणाऱ्यांची संख्या लिहीत राहा. बाराव्या आठवड्यात रात्री 8 ते 9 या तासात दिवसाला पाचाहून कमी माणसं येत असतील तर तो तास सकाळी न्या, पण शनिवार-रविवारला हात लावण्याआधी कंपनीच्या गेटवर जाऊन पुन्हा दहा माणसांशी बोला. वेळ चुकली आहे की बातमीच पोचलेली नाही, हे तिथेच कळतं.